काळ्या गाळावरचा चहा

जीवाश्म इंधनांचा भाग मी शाळेत वीसहून जास्त वर्षं शिकवते आहे. महाडच्या ज्या शाळेत मी विज्ञान आणि गणित शिकवते तिथे तो बहुतेक दिवाळीच्या सुट्टीनंतर येतो. मुलं फराळ खाऊन सुस्त असतात आणि माझाही घसा बसलेला असतो. वाक्यं ठरलेली आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी वनस्पती आणि प्राणी गाडले गेले, त्यांच्यावर गाळाचे थर साचत गेले, दाब आणि उष्णता यांमुळे त्यांचा दगडी कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू झाला. मुलं ते उतरवून घेतात, परीक्षेत त्यावर एक प्रश्न येतो आणि विषय मिटतो. इतक्या वर्षांत या भागावर कोणी मला असा प्रश्न विचारला नव्हता, ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला खरोखर हवं होतं. तो विचारला माझ्या भावाने, आणि तेव्हा त्याचं वय साठ होतं.

दादा सगळी नोकरी मुंबईत बॉयलरवर होता. हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुणारा मोठा कारखाना होता, त्याला लागणारी वाफ दादा करायचा. सुरुवातीची वर्षं त्याने फावड्याने कोळसा घातला, मग फर्नेस ऑइल आलं, शेवटी पाइपने येणारा गॅस. निवृत्त झाल्यावर तो दासगावला परत आला. तिथे वडिलांची जमीन आहे. खाली खाडीच्या बाजूला भाताचा एक तुकडा, आणि त्याच्या डोक्यावर उतारावर वरकस, म्हणजे नाचणी आणि गवत यापुरतीच चढाची जमीन. भाताच्या तुकड्याच्या कडेला त्याने दोन खोल्या बांधल्या. वीज आली, शेगडी आली, टीव्ही आला. पाणी मात्र नव्हतं. गावाच्या नळाची लाइन आमच्या बरीच अलीकडे संपते, आणि ती पुढे कधी येणार याची तारीख तिघांनी तीन सांगितली.

वहिनी मुंबईहून आली नाही. ती मुलाकडे राहिली. मला फोन करून तिने सरळ सांगितलं, "वन्सं, तुमच्या भावाला समजवा. चाळीत मी जन्मभर बादल्या उचलल्या. आता लेकाच्या घरात नळ हाय, मोरीत उभी राहिले की पाणी येतं. दासगावला घरात पाणी येईल त्या दिवशी मी येईन. त्याच्या आदल्या दिवशी नाय."

"आणि नाही आलं तर?"

"तर तुमचा भाऊ तिकडं, मी इकडं. भांडण नाय काय. पण मी डोक्यावर हंडा घेणार नाय."

मला तिचं बोलणं बरोबर वाटलं. दादालाही वाटलं असावं, कारण त्याने वाद घातला नाही. तो विहिरीच्या मागे लागला.

आता विहीर कुठे खणायची हे आमच्याकडे पाणाड्या ठरवतो. तळहातावर नारळ आडवा घेऊन तो शेतभर चालतो आणि नारळ जिथे उभा राहील तिथे पाणी. आमच्या शेतात नारळ खालच्या तुकड्यात उभा राहिला, खाडीपासून फार लांब नाही. मी तेव्हा तिथे नव्हते. मागाहून ऐकलं तेव्हा मी म्हणाले, "खाडीजवळचं पाणी मचूळ लागेल." मचूळ म्हणजे धड खारट नाही, धड गोड नाही, तोंडात धरवत नाही असं पाणी. दादा म्हणाला, "नारळ बघितलास काय तू? असा ताड्कन उभा राह्यला." आमच्या घरात मोजमाप, हिशेब, फॉर्म भरणं, औषधाच्या वेळा लावणं हे सगळं माझ्याकडे असतं. मी सांगितलेलं ऐकलं जातंच असं नाही. याची मला सवय आहे, आणि महाडच्या पुराचा गाळ घरातून उपसून त्या वर्षी मी इतकी दमलेली होते की जास्त बोललेही नाही.

खणायला पोलादपूरच्या बाजूचा, कापडे गावचा एक मेस्त्री आणला होता. त्याच्याबरोबर त्याची दोन माणसं. खालची माती मऊ, त्यामुळे काम झपाट्याने चाललं. एक पुरुष, म्हणजे माणूसभर, खोल गेल्यावर पिवळट चिकण माती संपली आणि निळसर काळा गाळ लागला. त्यात शिंपल्या होत्या. आणखी खाली गेल्यावर त्या गाळात लाकडं लागली. आडवी पडलेली, काळी, हातात घेतल्यावर ओल्या पावासारखी दबणारी. पण त्यांवर सालीच्या रेघा तशाच होत्या. तिवराची मुळं असावीत, ही झाडं आजही खाडीच्या काठी असतात. पानांचे तर थरच्या थर होते, एकावर एक चिकटलेले. हवा लागली की बघता बघता त्यांचा तांबूस रंग काळा व्हायचा.

या मेस्त्रीचा एक नियम होता. सकाळी कोणीही विहिरीत उतरण्याआधी तो दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा. खाली हवा खराब असली तर कंदील विझतो. विझला तर त्या दिवशी काम नाही. सगळेच विहीरवाले असं करत असतील, पण हा एकदाही चुकत नसे. काचेत दिवा मरतोय की जगतोय हे बघायला तो काठावर पालथा झोपायचा.

त्या रविवारी मी तिथेच होते. सकाळी डबा घेऊन महाडहून एसटीने गेले होते. मेस्त्रीने कंदील खाली सोडला, तळाशी साचलेल्या पाण्याच्या वर वीतभर थांबवला. दिवा विझला नाही. आधी ज्योत लांब झाली, काचेच्या वरच्या तोंडापर्यंत गेली, तिच्याभोवती निळं काहीतरी दिसलं, आणि मग भप्प असा आवाज झाला. पाण्यावर क्षणभर फिकट निळा जाळ पसरला आणि गेला. कंदिलाची काच तडकली.

मेस्त्रीने दोरी हळूहळू वर ओढली, कंदील गवतावर ठेवला आणि हात पुसले.

"दिवा विझला तर आमी उतरत नाय," तो म्हणाला.

"विझला कुठं?" दादा म्हणाला.

"तेच तर. वाढला. विझायचा नियम मला म्हायत हाय. वाढायचा नियम माझ्या बापानंबी सांगितलेला नाय. मी उतरणार नाय आन् माझी माणसंबी उतरणार नायत."

मी त्याला म्हणाले की तुमचं बरोबर आहे, हा जळणारा वायू आहे, खाली कोणी विडीसुद्धा नेऊ नका. मेस्त्रीला माझ्या पाठिंब्याची गरज नव्हती. तो फावडी गोळा करायला लागला होता. दादा मात्र विहिरीच्या काठावर बसून राहिला. त्याने चिखलातलं एक काळं लाकूड उचललं, नाकाशी नेलं, आणि माझ्याकडे बघून हसला. मुंबईहून आल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"बाय, हा कोळसा हाय गो," तो म्हणाला. "आणि खाली गॅस."

पुढचे पंधरावीस दिवस त्याने विहिरीचं नाव काढलं नाही. काम थांबलं होतं. मेस्त्री म्हणाला होता की जागा बदला, वर दगडात चला, पाऊस लागायच्या आत करून देतो. एकदा भाताच्या तुकड्यात पाणी भरलं की खालचा खड्डा ढासळणार आणि वरची वाटही चिखलाने बंद होणार. म्हणजे जे करायचं ते मे संपण्याच्या आत. हे मी दादाला दोनदा सांगितलं. तो म्हणायचा, "टेन्शन नको घेऊ. पाण्याचं काय, पाणी कुठंपण भेटतं. हे कुणाला भेटतं?"

त्याला काय वाटत होतं ते मला कळत होतं. जन्मभर त्याने जे जाळलं ते दुसरीकडून आलेलं होतं. कोळसा चंद्रपूरकडून वॅगनने यायचा, तेल टँकरने, गॅस पाइपने. आणि ज्या जमिनीत पोट भरत नाही म्हणून वडिलांनी त्याला मुंबईला पाठवलं, त्याच जमिनीखाली हे निघालं होतं. सरकार येईल, बोअर मारील, अशी मोठी स्वप्नं तो बोलून दाखवत नव्हता. तो फक्त म्हणायचा, "आपल्यात होतं गो. आपल्याच बांधाखाली."

त्याने गाळातली लाकडं उन्हात वाळवली आणि चुलीत घातली. ती जळाली नाहीत असं मी म्हणणार नाही. धुमसली. खूप धूर झाला, घरभर कुजट वास भरला, आणि शेवटी राखेपेक्षा भाजलेली मातीच जास्त उरली.

मी विहिरीतला ढेकूळभर गाळ पिशवीत घालून शाळेत नेला. प्रयोगशाळेचा तराजू चांगला आहे. शंभर ग्रॅम घेतला, पत्र्यावर मंद आचेवर वाळवला, पुन्हा मोजला. चाळीस ग्रॅम भरला. तो लाल होईपर्यंत भाजला. पंचवीस ग्रॅम माती उरली. म्हणजे शंभरात साठ पाणी, पंचवीस माती आणि जळण्याजोगं फक्त पंधरा. दुसऱ्या ढेकळाचं हेच केलं, आकडे थोडे इकडेतिकडे झाले, पण अर्थ तोच. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "पंधरा तर पंधरा. हाय ना?"

मग त्याने ड्रमचं काढलं. मी त्याला नको म्हटलं होतं, पण तो बॉयलरचा माणूस, निदान आगीशी खेळताना कुठे उभं राहायचं ते त्याला माहीत होतं. एक लोखंडी ड्रम आणला, त्याच्या बुडाला तोटी बसवली. तोटी उघडी ठेवून ड्रम उपडा दोरीने पाण्यात सोडला, आतली हवा निघून तो बुडाला, मग लांब काठीने तोटी बंद केली; ती वरून उघडायला तिला आधीच एक दोरी बांधली होती. विहिरीत कोणी उतरलं नाही. तोटीला रबरी नळी आधीच जोडलेली होती, ती वर आणून उघड्यावर ठेवलेल्या जुन्या बर्नरला लावली. रोज सकाळी तो काठावरून बांबूने तळाचा गाळ ढवळायचा. बुडबुडे यायचे, ड्रममध्ये साचायचे, आणि ड्रम पाण्यातून बोट बोट वर यायचा. शेणाच्या गॅसची टाकी जशी वर येते तसाच.

ड्रम पुरेसा वर आला तेव्हा त्याने वहिनीला मुंबईहून बोलावलं. "ये, तुला एक दाखवतो," इतकंच फोनवर सांगितलं. मला वाटतं वहिनीला वाटलं पाणी लागलं. ती मोठी पिशवी घेऊन आली होती. त्यात भांडी होती, देवाची तसबीर होती. एक दिवसासाठी येणारं माणूस एवढं आणत नाही.

एप्रिलमधला रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. मेस्त्री पण आला होता, जागा बदलायची की नाही हे विचारायला. दादाने वहिनीला विहिरीजवळ खुर्ची दिली. बर्नरवर चहाचं भांडं ठेवलं. चहाचं पाणी शेजारच्या घरून हंडा भरून आणलं होतं, ते त्याने स्वतः आणलं होतं, आणि वहिनीने ते बघितलं. मग त्याने माचिसची काडी ओढली आणि तोटीची दोरी खेचली.

जाळ लागला. उन्हात तो जवळजवळ दिसत नव्हता, पण भांड्याचा तळ हलका करकरला.

"बघ," दादा म्हणाला. "सिलेंडर नाय, पाइप नाय. आपल्या शेतातला गॅस."

"छान हाय," वहिनी म्हणाली. "आणि पाणी?"

"ते बघू. आधी हे बघ."

मेस्त्री लांब उभा होता. तो म्हणाला, "शेठ, ह्या गॅसवर म्हातारी जेवण करील तवर म्हातारीची नातसून येईल."

"म्हातारी कोणाला म्हणतोस रे?" वहिनी म्हणाली. सगळे हसलो, दादासुद्धा.

भांड्याच्या कडेने बारीक बुडबुडे दिसायला लागले. दादाने चहापत्ती टाकली, साखर टाकली. आणि आधण यायच्या आधीच जाळ खाली बसला, पिवळट झाला, बर्नरच्या एका कोपऱ्यात थोडा वेळ राहिला आणि गेला. ड्रम पुन्हा पाण्यात बुडाला होता. दादाने नळी झटकली, दोरी ओढली. काही नाही. इतक्या दिवसांत साचलेला गॅस एक भांडं पाणी उकळायलाही पुरला नव्हता.

वहिनीने पुढे होऊन भांडं उचललं, चहा गाळला, दूध घातलं, आम्हाला दिला आणि स्वतःचा कप पूर्ण प्यायली. कोमट होता, पत्ती नीट उतरली नव्हती. कप खाली ठेवून ती म्हणाली, "चहा झाला. आता सांगा, पाणी कुठाय?"

दादाने माझ्याकडे बघितलं. "तू सांग गो. शाळेत शिकवतेस ना? अजून किती दिवस ठेवलं तर ह्याचा नीट कोळसा होईल? मी जाळलाय तसा?"

मला वाटतं त्याला उत्तर माहीत होतं, निदान ते किती लांबचं आहे याचा अंदाज होता. त्याला ते कोणाकडून तरी ऐकायचं होतं. आणि ते माझं काम होतं, जसं नेहमी असतं. मी थकून गेले होते. पण या वेळी पुस्तकातली वाक्यं चालणार नव्हती, कारण माझ्यासमोर एक माणूस बसला होता, त्याची बायको शेजारी बसली होती, आणि ती पिशवी अजून उघडलेली नव्हती.

मी म्हणाले, "पुरानंतर आमच्या महाडच्या घरात किती गाळ होता, तू आला होतास तेव्हा बघितलास?"

"खिडकीच्या खालपर्यंत."

"मोरीजवळ तांदळाची गोण त्या गाळाखाली राहिली होती. आम्हाला उशिरा सापडली. आठवतंय? काळी झालेली, आतून बुडबुडे येत होते, वास असा की दोघं जण बाहेर पळाले."

"हाच वास," वहिनी म्हणाली. ती तेव्हा मदतीला आली होती.

"हाच. वर गाळ बसला की हवा लागत नाही. हवा नसली की कुजणं पूर्ण होत नाही. त्यातून हा वायू निघतो, आणि बाकीचं काळं होऊन पडून राहतं. या विहिरीत तेच झालंय. खाडी कधीतरी इथपर्यंत होती, तिवरं होती, त्यांची पानं पडली, त्यांवर गाळ बसला. किती वर्षं झाली ते मी छातीठोक सांगू शकत नाही. चार-पाच हजार धर. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर दोनशे पिढ्या."

"दोनशे म्हणजे कमी नाय," दादा म्हणाला.

"दोनशे माणसं म्हणजे आपल्या आळीतलं एक लग्न. तू चंद्रपूरचा जो कोळसा जाळलास, तो पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. त्या झाडांसारखी झाडं आता कुठेच नाहीत. पंचवीस कोटी म्हणजे एक कोटी पिढ्या. प्रत्येक पिढीचं एक माणूस उभं केलंस तर अख्खी मुंबई भरते. आणि नुसती वर्षं नव्हेत. हे सगळं खोल जावं लागतं. वर माती, दगड, त्याचं ओझं, त्यानं पाणी पिळून निघायचं. खोल गेलं की जमीन गरम असते, त्या उबेत ते मुरत राहतं. आधी सैल तपकिरी कोळसा होतो, मग घट्ट काळा. हे आपलं अजून विहिरीच्या बुडाशीच आहे. ह्यात शंभराला साठ पाणी आहे, मी मोजलंय."

"आणि आपल्या डोंगरात? तिथं खाली?"

"आपला डोंगर म्हणजे काळा कातळ. तो वितळलेल्या रसाचा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर ओतला गेलेला. रसात झाडं टिकत नाहीत. त्याच्याही खाली फार खोल काय आहे ते मला माहीत नाही, तुलाही नको."

मेस्त्री ऐकत होता. "आन् बाय, तेल?" त्याने विचारलं. "ते म्हणं जनावरांचं असतं. माझा पोरगा सांगतो."

"समुद्रातल्या जिवांचं. पण मोठ्या जनावरांचं नाही. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक जीव, तळ्यावर हिरवी साय येते ना, तसले. मरून समुद्राच्या तळाशी पडायचे, वर गाळ, मग दोनतीन किलोमीटर खोल, तिथल्या उबेत त्यांचं तेल झालं. आणखी गरम झालं की गॅस."

"मंजे दासगावचे लोक बोंबील खातात आन् गाडीत बोंबलाचा आजा घालतात."

"बोंबलाच्या आज्याने जे खाल्लं असेल ते," मी म्हणाले. वहिनीला हसू आलं. दादा हसला नाही.

तो म्हणाला, "म्हणजे मी एका पाळीला जेवढं जाळायचो..." आणि थांबला. मी तो आकडा पुरा केला नाही. मला काढता आला असता. एका पाळीला किती टन कोळसा, तेवढ्यासाठी किती जाडीचा पाला, तो साचायला किती वर्षं. हे गणित मी कधीतरी फळ्यावर मुलांना घालेन. दादाला घालावंसं वाटलं नाही. तो आपल्या हातांकडे बघत होता. डाव्या मनगटावर भाजल्याची जुनी खूण आहे, भट्टीचं दार लागल्याची. त्याने ती अंगठ्याने चोळली.

"दिवसभर घालायचो गो," तो म्हणाला. "चादरी पांढऱ्या व्हाव्यात म्हणून."

वरच्या हायवेवरून एक टँकर गेला, मग आणखी एक. वहिनी उठली, पिशवी घेऊन घरात गेली आणि ती तिने दारामागे ठेवली. उघडली नाही, पण परतीसाठी हाताशीही ठेवली नाही. बाहेर येऊन मेस्त्रीला म्हणाली, "वर दगडात पाणी लागेल काय?"

"कातळाच्या दोन थरांमधी फट असती. ती गावली तर लागंल. बाराही महिने पुरंल का, ते मी बोलणार नाय."

"नारळ नको," वहिनी म्हणाली.

"नारळ म्या आणलेलाच नव्हता," मेस्त्री म्हणाला.

दादाने ड्रमची दोरी सोडली. "उद्यापासून वर घे," तो मेस्त्रीला म्हणाला. बस, इतकंच. त्याला हे म्हणायला किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे, कारण नारळ उभा राहिल्याचं त्याने गावात कितीतरी जणांना सांगितलं होतं, आणि गॅसचंही.

वरचं काम हळू चाललं. कातळ फोडायला यंत्र आणावं लागलं, ते चढावर नेताना दोनदा घसरलं. वहिनी मुंबईला परत गेली, तिची पिशवी दारामागेच राहिली. मी रविवारी जायचे, एरवी शाळेचे पेपर तपासायचे. मे महिन्याच्या मध्यावर काळ्या कातळाखाली एक तांबडा मातकट थर लागला आणि त्याच्या वरच्या फटीतून पाणी झिरपायला लागलं. धार नव्हती, कातळ घामेजल्यासारखा दिसत होता. मेस्त्रीने कंदील सोडला, ज्योत जशीच्या तशी राहिली. तो आत उतरला आणि वरून भांडं मागितलं.

पाणी गढूळ होतं, पण गोड होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघाभर साचलं. उतारावरून नळी टाकली तर पंपाशिवाय घरापर्यंत येत होतं. ते मोजायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी पातळी मोजली, सगळं पाणी काढून घेतलं, ते पुन्हा किती वेळाने तेवढंच येतं ते बघितलं. दोन माणसांचं पिणं, स्वयंपाक, आंघोळ निघेल. कपडे रोज धुतले तर नाही निघणार. हा आकडा ऐन मेचा, म्हणजे सगळ्यात वाईट दिवसांचा, त्यामुळे त्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. मी तो वहिनीला फोनवर जसाच्या तसा सांगितला. वाढवून सांगितलं नाही.

"कपडे रोज नाय ना?" ती म्हणाली.

"नाही. दिवसाआड."

"तुमच्या भावाने आख्खी मुंबई धुतली. आता दिवसाआड धुऊ दे." मग थोडं थांबून म्हणाली, "गणपतीपर्यंत येते. पुढच्या उन्हाळ्याचं पुढच्या उन्हाळ्यात बघू. वचन नाय देत."

दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो खालच्या तुकड्यात होता. पावसाआधी जुना खड्डा बुजवायचा होता, नाही तर गुरं पडली असती. मेस्त्रीची माणसं बाहेर काढलेला गाळ परत आत ढकलत होती, आणि दादाही फावडं घेऊन त्यांच्यात उभा होता. त्याचं फावडं अजून भट्टीवरचंच होतं, लांब दांड्याचं. त्याची पद्धतही तीच होती. कमरेतून वळायचं, एका झोक्यात टाकायचं, फावडं रिकामं परत आणायचं. फेकलेला गाळ बरोबर मधोमध पडत होता.

"गणपतीपर्यंत येते म्हणाली," मी सांगितलं.

"मग?"

"मग पुढच्या उन्हाळ्यात बघू म्हणाली."

त्याने मान हलवली. वाळलेली काळी लाकडं बाजूला रचून ठेवली होती, ती त्याने उचलली आणि एकेक करून गाळावर टाकली. एक ठेवावं असं मला वाटलं, शाळेत मुलांना दाखवायला. मी मागितलं. त्याने हातातलं दिलं आणि म्हणाला, "त्यांना सांग, हे अजून झालेलं नाय."

मग वर माती टाकली. पाऊस चार-आठ दिवसांवर होता. वहिनी यायच्या आत नळीला तोटी बसवायची बाकी होती, तोवर नळी वरूनच बंद ठेवलेली होती, म्हणून तो हात धुवायला वरच्या विहिरीकडे चढून गेला.